शिवणीतली माया

कापड बेतताना मापाच्या रेघेबाहेर जो थोडा काठ राखून ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. शिवण पडली की माया आत दडते, बाहेरून दिसत नाही. पुढे लेकराचं अंग भरलं, खांदे रुंदावले, की टाके उसवायचे, तीच माया सोडवायची आणि कपडा पुन्हा अंगाला बसवायचा. नागपुरात इंदोऱ्याला माझं शिवणाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. हा शब्द मी रोज तोंडात घोळवते. पण तो मला टोचला गेल्या डिसेंबरात, एका मैदानावर, शाळांच्या बँडच्या स्पर्धेला आई म्हणून बसले होते तेव्हा.

माझी श्रावस्ती नववीत आहे. शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवते. जूनपासून ती शाळेतून आली की दप्तर टाकते आणि माझ्या बेतायच्या टेबलाच्या कडेवर काड्यांनी सराव करते. त्या कडेचा रंग आता दोन बोटं उडून गेला आहे. बँडचं गणित तिनंच मला शिकवलं. बास ड्रमचा ठोका डाव्या पावलावर पडतो आणि त्याला धरून सगळे चालतात. तेज चालीत मिनिटाला साधारण १२० पावलं. साइड ड्रमनं त्या ठोक्यांच्या मधलं अंतर विणायचं. धून ब्युगलची आणि बासऱ्यांची. सगळ्यांच्या पुढे ड्रम मेजर, हातात मेस नावाची काठी घेऊन. ती तोंडानं एक शब्द बोलत नाही. मेस वर गेली, आडवी झाली, खाली आली, की मागच्या चाळीस जणांना सगळं कळतं.

अशा स्पर्धांना आता मोठं वजन आलं आहे. शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून देशपातळीवर शालेय बँडची स्पर्धा घेतात. ब्रास बँड, पाइप बँड. मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. राज्यातून विभागात आणि विभागातून जानेवारीत दिल्लीला. आमची स्पर्धा शहरातल्या अकरा शाळांची होती, पण आईबापांच्या छातीतली धडधड दिल्लीला पोचेल एवढी होती. सकाळी सातची थंडी, डोक्याला मफलर, मैदानाबाहेर तर्री-पोह्यांच्या गाड्यांवर वाफ. कुणीतरी घरच्या झाडाची संत्री सोलून ओळखीच्या नसलेल्यांनाही फोडी वाटत होतं. आणि तरी प्रत्येकाची नजर एकाच रांगेतल्या एकाच डोक्यावर खिळलेली. चाळीस सारख्या टोप्यांमध्ये आपलं पोट्टं कुठलं, हे आईला चालीवरून कळतं.

आता माझा दोष सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

सप्टेंबरात एका कंत्राटदारानं मला दुसऱ्या एका शाळेच्या बँडचे बेचाळीस कोट शिवायला दिले होते. लाल टेरीकॉट, छातीवर सोनेरी डोरी, खांद्यावर पट्ट्या. मी त्या शाळेत जाऊन एकेका लेकराचं माप घेतलं होतं : छाती, खांदा, बाही, मुंढा. कापड मोजून आलेलं. नीट माया सोडून बेतलं तर एकोणचाळीस कोट निघत होते. मी कागद दाटीवाटीनं मांडले, मुंढ्याची माया अर्ध्यावर आणली आणि बेचाळीस काढले. मनाला सांगितलं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. त्याच आठवड्यात श्रावस्तीच्या शाळेनं तिच्या कोटाचं कापड पालकांच्या हाती दिलं. तो कोट मी दोन बोटं माया सोडून शिवला, मुंढ्याला दुहेरी शिलाई घातली. त्या वेळी मी काही ठरवलं नव्हतं. आपल्या लेकरासाठी हात आपसूक सैल होतात आणि परक्यासाठी आपसूक आखडतात.

त्या लाल कोटांचा बँड सातवा मैदानात उतरला. त्यांची ड्रम मेजर एक उंच, सडपातळ मुलगी होती. छाती चौतीस, बाही बावीस, मला माप पाठ होतं. फार सुंदर चालत होती. मैदानाच्या मधोमध तिनं मेस फिरवून वर फेकली, आणि परत झेलताना ती बोटांवरून निसटली. मातीत पडली.

त्या क्षणी माझ्या आत काहीतरी सुखावलं.

फार थोडा वेळ, एका पावलाएवढा. यांचे गुण गेले, आमच्या पोरी वर सरकल्या, एवढा हिशेब मनानं माझ्या परवानगीशिवाय करून टाकला. मी रोज सकाळी पंचशील म्हणते, पौर्णिमेला विहारात जाते, पस्तिशीनंतर दुकान सांभाळून नागपूर विद्यापीठातून पाली घेऊन एम.ए. केलं आहे. आणि एका लेकराच्या हातून काठी निसटली म्हणून मला बरं वाटलं.

मुलगी वाकली, मेस उचलली, आणि चुकलेलं पाऊल धरण्यासाठी तिनं हात झटक्यात वर नेला. उजव्या बाहीचा मुंढा टरकन उसवला. लाल कापडातून पांढरं अस्तर बाहेर आलं. तशीच ती पुढे चालत राहिली, हात वर ठेवून, शेवटच्या ठोक्यापर्यंत. ती उसवण माझ्या हातची होती. तिथं माया असती तर शिवण तुटली नसती.

पालीच्या अभ्यासात मी चार ब्रह्मविहार शिकले होते : मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखानं सुखी होणं. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धघोषांनी लिहिलेल्या विसुद्धिमग्गात, नवव्या परिच्छेदात, या चारही भावनांचे शत्रू सांगितले आहेत. प्रत्येकीचे दोन, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू ओळखू येतो, कारण तो उघड विरोधी असतो. मेत्तेचा, म्हणजे मैत्रीचा, दूरचा शत्रू द्वेष. जवळचा शत्रू धोक्याचा, कारण तो दिसायला त्या भावनेसारखाच असतो. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती. आणि मुदितेचा जवळचा शत्रू कोणता? गेहसित सोमनस्स. घराच्या आश्रयानं वाढणारा आनंद. माझं घर, माझं माणूस, माझं यश, एवढ्यावर पोसलेला आनंद.

हा ग्रंथ धर्मानंद कोसंबींनी देवनागरीत संपादित केला आणि १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनानं तो प्रसिद्ध केला. कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. त्यांच्या आयुष्याची अखेर आमच्या शेजारी, सेवाग्रामला झाली, जून १९४७ मध्ये. परीक्षेसाठी मी तो परिच्छेद घोकला होता, गुणही चांगले पडले होते. पण घराच्या आश्रयाचा आनंद म्हणजे नेमकं काय, हे मैदानावरच्या सतरंजीवर बसून कळलं. तोपर्यंत मी त्या आनंदालाच आईचं प्रेम म्हणत होते.

थोड्या वेळानं ती मुलगी पालकांच्या रांगेशी आली. तिनं मला ओळखलं होतं. डोळे भरलेले, पण आवाज स्थिर. "काकू, बाही उसवली. शेवटी सगळ्या बँडांचं एकत्र संचलन आहे, मला पुढे चालायचंय." गणवेशालाही गुण असतात, हे ती बोलली नाही, पण मला ठाऊक होतं. माझ्या पर्समध्ये सुई-दोरा नेहमी असतो. कोट काढायला तिथं आडोसा नव्हता, म्हणून अंगावरच शिवायला घेतलं. "अंगावर शिवू नये म्हणते माझी आजी," ती हळूच म्हणाली. मी म्हटलं, "हात हलवू नको, बाकी काही होत नाही." टाके घालायला तिथं कापडच उरलं नव्हतं. मी अस्तराचा काठ ओढून आणला आणि त्याच्यात सुई धरली.

श्रावस्तीचा बँड नववा होता. पण आठव्या शाळेची बस पोचली नव्हती, आणि ध्वनिक्षेपकावरून अचानक आमच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं. माझी सुई त्या मुलीच्या काखेजवळ अर्धी आत, अर्धी बाहेर. मैदानाकडे माझी पाठ. "काकू, तुमची मुलगी त्या बँडमध्ये आहे ना? तुम्ही जा," ती म्हणाली. मी गेले नाही. सोडून गेले असते तर दोन टाके निघाले असते आणि सगळी शिवण पुन्हा उसवली असती.

म्हणून माझ्या लेकीचं वाजवणं मी पाहिलं नाही. ऐकलं. मला वाटलं होतं, निदान तिचा ड्रम तरी ओळखता येईल. सहा महिने टेबलाच्या कडेवर तोच ऐकत होते. नाही आला ओळखता. बारा साइड ड्रम एकच झाले होते. आझाद हिंद फौजेचं कूचगीत होतं, धून माझ्या मागून येत होती, बास ड्रमचा ठोका जमिनीतून पायात चढत होता. त्यात माझी कुठली, हे शोधायचा प्रयत्न मी केला आणि मग सोडून दिला. माझ्यापुढे उभी मुलगी त्याच ठोक्यावर श्वास घेत होती. सुई धरलेल्या बोटांना तिच्या बरगड्या वरखाली होताना जाणवत होत्या. ती नकळत ओठांनी ताल मोजत होती. ज्या बँडला तिनं हरवायचं होतं, त्याचाच ताल. ती आनंदानं मोजत होती. मुदिता हा शब्द तिनं कधी ऐकलाही नसेल.

मराठीत शिवणं म्हणजे टाके घालणं, आणि शिवणं म्हणजे स्पर्श करणंही. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. ते गावाकडून नागपूरला आले तेव्हा गावात त्यांना कुणी शिवत नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा घ्यायला ते दीक्षाभूमीवर होते. त्या दिवशीची पांढरी साडी आजीनं शेवटपर्यंत जपली. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली नाहीत, बुद्धाकडून घेतली, असं बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं होतं. त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते करुणेच्याही पुढे मैत्रीला ठेवतात, आणि ही मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत नेतात. आमच्या घरात तीन पिढ्या या शब्दांवर उभ्या राहिल्या. ज्या आजोबांना शिवत नव्हते, त्यांची नात आज शहरातल्या सगळ्या जातीधर्मांच्या लेकरांचे कपडे शिवते. त्या नातीनं बेतायच्या टेबलावर आपली आणि परकी अशी रेघ ओढावी, अर्ध्या इंचाची का होईना, हे मला फार लागलं. शिवाशीव जाते, पण हात आखडण्याची सवय कापडाच्या आत लपून राहू शकते.

त्या दिवसापासून मी मज्झिम निकायातल्या दक्खिणाविभंग सुत्ताकडे पुन्हा पुन्हा जाते आहे. महाप्रजापती गौतमी सिद्धार्थाची मावशी. त्याची आई महामाया जन्मानंतर सातव्या दिवशी गेली, मग गौतमीनं त्याला दूध पाजलं. तिला स्वतःचाही मुलगा होता, नंद. अट्ठकथांत येतं की नंदाला तिनं दाईकडे दिलं आणि बहिणीच्या लेकराला स्वतःच्या अंगावर पाजलं. पुढे तो बुद्ध होऊन कपिलवस्तूला आला, तेव्हा तिनं स्वतः सूत कातून, स्वतः विणून, नव्या वस्त्रांची जोडी त्याच्यासाठी नेली. तीनदा म्हणाली, हे तुम्ही घ्या. तिन्ही वेळा भगवंतांनी सांगितलं, हे संघाला दे. संघाला दिलंस की मलाही पोचलं आणि संघालाही.

पूर्वी हे वाचताना मला गौतमीची कीव यायची. आईनं एकासाठी विणलेलं वस्त्र, आणि तो म्हणतो सगळ्यांना दे. आता त्या सुत्तातला दुसरा अर्धा भाग दिसतो. भगवंत 'मला वगळा' असं म्हणत नाहीत. संघात ते स्वतःही आहेत. आईनं आपल्या लेकरावरचं प्रेम कमी करून ते इतरांना वाटायचं आहे, असं तिथं कुठंही नाही. मेत्तसुत्तातही एकुलत्या एका मुलाला जिवापाड जपणाऱ्या आईचाच दाखला आहे. ती आई चुकीची असती तर तिचा दाखला दिला नसता. तिचं प्रेम किती खोल आहे ते माप म्हणून घ्यायचं आणि त्या मापानं सगळ्यांसाठी बेतायचं.

हे लिहायला सोपं आहे. त्या दिवशी घरी जाताना श्रावस्ती बसमध्ये माझ्याशी बोलली नाही. तिच्या शाळेचा तिसरा क्रमांक आला होता, लाल कोटांचा पाचवा. कमाल चौक आला तेव्हा तिनं विचारलं, "आई, तू पाहिलंच नाही ना?" मी सांगितलं काय झालं ते. ती म्हणाली, "तिची बाही महत्त्वाची होती, कळतं मला. पण सगळ्यांच्या आया पाहत होत्या." एवढंच बोलून ती खिडकीबाहेर पाहू लागली.

मी रात्रभर विचार करत होते. परक्या मुलीसाठी थांबले ते योग्य, की आपल्या मुलीवर अन्याय केला? विसुद्धिमग्गातच याच्यावर एक कठोर दाखला आहे. एक साधक चौघांत बसला आहे : तो स्वतः, त्याचा प्रिय माणूस, तटस्थ माणूस आणि वैरी. दरोडेखोर येतात आणि बळी द्यायला एकजण मागतात. साधकाच्या मनात 'याला न्या' किंवा 'त्याला न्या' आलं, तर त्याच्या मनातल्या सीमा मोडलेल्या नाहीत. पण 'मला न्या' असं आलं, तरीही मोडलेल्या नाहीत. चौघांतला एकही द्यावासा वाटला नाही, तेव्हाच सीमा मोडली. म्हणजे आपल्या माणसाला बळी देऊन परक्याला जवळ करणं, हीही मैत्री नव्हे. त्या चौघांत श्रावस्तीही होती. तिच्या वाट्याची चार मिनिटं मी कुणाला तरी देऊन टाकली, आणि ती द्यावी लागली, कारण सप्टेंबरात टेबलावर मी माया राखली नव्हती. मैदानावर मला दोन लेकरांतून एक निवडावं लागलं, ते कात्रीच्या त्या एका चुकीमुळे. नीतीचे बहुतेक पेच असेच बेतण्यात पडतात, असं मला आता वाटतं. प्रसंग आला की माणूस मोठा त्याग करायला धावतो. पण आधी, कुणी पाहत नसताना, अर्धा इंच जास्त सोडला असता तर त्या त्यागाची वेळच आली नसती.

सोमवारी मी त्या शाळेत गेले आणि बेचाळीस कोट परत मागून घेतले. उसवलेला कोट कशामुळे उसवला, तेही सांगितलं. कापून टाकलेली माया परत आणता येत नाही. पण काखेत कळी घालता येते, चौकोनी तुकडा, म्हणजे हात मोकळा वर जातो. २६ जानेवारीला कस्तुरचंद पार्कच्या संचलनाआधी सगळे कोट द्यायचे होते. लाल कापड मी माझ्या पैशानं आणलं. बेचाळीस कोट, चौऱ्याऐंशी कळ्या. एकेक कळी शिवताना कागदावरचं नाव आणि माप वाचत होते. मुदिता मला लाभली असं मी म्हणणार नाही. पुन्हा मैदानावर बसले आणि पुन्हा कुणाची मेस पडली, तर मन हिशेब करणार नाही याची खात्री मला नाही. पण बेचाळीस जणांची मापं वाचताना एक झालं : ते बेचाळीस जण परके राहिले नाहीत. सगळ्यांवर एकदम प्रेम करता येत नसेल, तर एकेकाच्या काखेत एकेक कळी घालत जावं. हात शिकले की मन त्यांच्या मागून येतं.

तिसऱ्या रात्री मी मशीनवर होते. श्रावस्ती अभ्यास आटोपून आली, काड्या घेतल्या आणि टेबलाच्या कडेशी उभी राहिली. "पाहतेस?" तिनं विचारलं. मी मशीन थांबवली, चष्मा पुसला आणि तिच्याकडे तोंड करून बसले. तिनं स्पर्धेतली धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, जागच्या जागी कदमताल करत. चारही मिनिटं मी फक्त तिच्याकडे पाहिलं. तिचे मनगटाचे झटके, ओठ दाबून धरलेले, कपाळावरची बट.

एकटीनं वाजवताना त्या वादनात मधेच मोकळ्या जागा येत होत्या. चार ठोके वाजवून ती थांबायची, काड्या हवेत धरून, आणि पाय चालत राहायचे. मग पुन्हा वाजवायची. मी विचारलं, "इथं चुकलीस का?"

"नाही ग," ती म्हणाली. "इथं ब्युगल असतात. इथं बास ड्रम. आपण थांबलो नाही तर त्यांचं ऐकू येत नाही."

तिच्या वाट्यातच इतरांसाठी माया सोडलेली होती. मी तिला म्हटलं, पुन्हा एकदा वाजव. तिनं वाजवलं, आणि या वेळी त्या मोकळ्या जागांत मला बाकीच्या साऱ्या पोरी ऐकू आल्या.